पांढरी पाच

हेमराजचं आडनाव झोपे
आणि सगळ्या रेल्वे कॉलनीची झोप तोच उडवायचा.
बँडचं नाव सत्तेचाळीस. साल नव्हे, तापमान.
पहिल्या तालमीच्या दुपारी भुसावळात तेवढं होतं,
आणि त्याच्या बापाच्या वखारीत, पिकत घातलेल्या केळीशेजारी,
थोडं कमी.

समोर दीपनगरच्या चिमण्या धूर सोडत असायच्या
आणि आमची वीज गेलेली.
तेव्हा तो माइकशिवाय गायचा,
आणि ट्रक भरणारे हमाल
घड खांद्यावर तसाच धरून थांबायचे.

आता त्याच्या गळ्याला भोक आहे.
मुंबईला नेलं. नरडं गेलं, जीव राहिला.
भोकावर पांढरा जाळीचा रुमाल.
हसतो तेव्हा रुमाल हलतो.

जामनेर रोडला शेवभाजी पुढ्यात घेऊन आम्ही तिघं बसलो.
चालू ठेवायचं, का बंद?
तायडे म्हणाला, बंद.
माणूस घरात असताना त्याच्या खोलीत
भाडेकरू ठेवतं का कोणी?
डेन्झिल लोको शेडमधला. तो म्हणाला,
भुसावळला गाडीचा ड्रायव्हर बदलतो,
गाडीचं नाव बदलतं का?
मी म्हणालो, पण पॅसेंजर झोपलेला असतो, डेन्झिल.
आपला जागा असतो. तिकीट काढून जागा असतो.
रश्श्यावरची तर्री थिजली.
बिल मी दिलं. उत्तर कोणी दिलं नाही.

मग यावलची शहनूर तडवी आली.
दिवसा लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते.
म्हणाली, गाऊन बघते, ठेवायचं तर ठेवा.
माइकचा स्टँड हेमराजच्या उंचीला,
स्क्रूवर आम्हीच काळी टेप गुंडाळलेली.
टाचा उचलून गायली ती, अर्धं कडवं.
गाणं पांढरी तीनमध्ये, त्याच्या गळ्याचं माप.
खाली उतरताना तिचा आवाज
ओसरीवरून पाय घसरावा तसा गेला.
कोणी काही बोललं नाही.

केळीच्या क्रेटवर हेमराज बसला होता.
बोलावलं नव्हतं; वखार त्याचीच.
मुलीची पाटी मांडीवर घेऊन त्याने लिहिलं:
पट्टी बदला.
आणि खाली, बारीक: बंद कसाले करता?
मग उठून नखाने टेप सोलत बसला,
बराच वेळ, चिकट होती,
आणि स्टँड उतरवला तिच्या हनुवटीपर्यंत.
तायडे नळावर जाऊन आला, उगाच.

ठरलं, पांढरी पाच.
सांगायला दीड सुराचा फरक.
पण बेस वाजवणाऱ्याला विचारा.
अकरा वर्षं माझी सगळ्यात जाड तार
मोकळी सुटायची, डाव्या हाताचं बोटही न लावता,
त्याच्या पहिल्या शब्दाखाली.
आता तीच तार तिसऱ्या पडद्यावर
दाबून धरावी लागते.
गाणं तेच. घट्टा नवा.

फैजपूरच्या कॉलेजात पहिला कार्यक्रम.
मधल्या रांगेतून एक जण ओरडला, झोपे कुठंय?
शहनूर म्हणाली, ऐकू राह्यला, हळू बोल.
लोक हसले. चौघं उठून गेले.
मोजायला नको होते, मोजले.

नाव तेच ठेवलंय.
बरोबर का चूक, मला अजून कळलेलं नाही.
तायडे पोस्टरशेजारून जाताना
दुसरीकडे बघत जातो, आणि वेळेवर तालमीला येतो.

दुसऱ्या कडव्याआधी एक जागा आहे.
तिथे माझं बोट पडद्यावर पोचत नाही.
विसरतो, की विसरू देतो, विचारू नका.
तार मोकळी सुटते.
बेसूर नाही लागत. नुसती जुनी लागते.
शहनूर एक मात्रा थांबते
आणि क्रेटवर बसलेला तो
मांडीवर बोट आपटून
तिला पुढची सम देतो.